रेडिएटरात बोअरचं पाणी

मृगाच्या तोंडावर आमच्या घरच्या ट्रॅक्टरचं इंजिन उघडावं लागलं. डिपस्टिक काढली तर ऑइल दूध घातलेल्या चहासारखं. मेकॅनिकने एक लायनर उपसून माझ्या हातात दिला. "भाऊ, आतून नका बघू, बाहेरून बघा."

आतून गुळगुळीत. बाहेरून, जिथं पाणी खेळतं त्या बाजूला, उभ्या पट्ट्यात बारीक भोकं. वाळवी लागलेल्या लाकडासारखी. त्यातलं एक आरपार गेलेलं. तिथूनच पाणी ऑइलमध्ये उतरलं.

मला वाटलं गंज. पण प्रकरण वेगळंच निघालं. पिस्टन वर-खाली होताना लायनरला बाजूने आपटतो. लायनर थरथरतो. त्या थरथरीने त्याला चिकटून असलेल्या पाण्याचा दाब क्षणभर पडतो, बारीक बुडबुडे होतात आणि लगेच लायनरच्या अंगावरच फुटतात. एकेक फुटणं म्हणजे सुईच्या टोकाचा घाव. असे घाव तासन् तास, वर्षानुवर्षं. पाण्याने लोखंड पोखरलं जातं ते असं. कूलंटमधली रसायनं लोखंडावर पातळ थर धरतात, थर निघाला तरी पुन्हा धरतात. साध्या पाण्यात ती सोय नाही.

आपल्याकडे समज काय? कूलंट बर्फाच्या मुलखात लागतं, भोकरदनला काय काम? मीही हेच म्हणायचो. इथं पाणी गोठत नाही, खरंय. पण कूलंट गोठण्यासाठीच नसतं. उकळायला ते पाण्यापेक्षा उशीर लावतं, गंज रोखतं आणि लायनर सांभाळतं. वर आपलं बोअरचं पाणी क्षाराचं. पातेल्यात जी पांढरी खपली धरते तीच इंजिनाच्या आत धरते, मग उष्णता बाहेर निघत नाही. 2012-13 च्या दुष्काळात तर माणसांनाच टँकरचं पाणी होतं. ट्रॅक्टरच्या तोंडात जे सापडलं ते ओतलं. आमच्याही.

(जुनं एअर कूल्ड आयशर असणाऱ्यांनी हसू नये. तुम्हाला रेडिएटरच नाही, पण पंख्याच्या वाटेतला भुसा साफ करता का?)

दुसरी चूक थर्मोस्टॅटची. गाडी गरम व्हायली की तो काढून फेकायचा, हा गावोगावचा इलाज. आमच्यातही नव्हता. तो नसला की इंजिन नीट तापतच नाही, ऑइल लवकर खराब होतं, लायनर-पिस्टन जास्त घासतात. गरम व्हायचं मूळ कारण असतं चोंदलेलं रेडिएटर, सैल फॅन बेल्ट नाहीतर मेलेलं झाकण. हो, झाकण. त्याची स्प्रिंग गेली की दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं. सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि ती कुणीच बदलत नाही.

आता भाऊ काय करतो ते सांगतो. कूलंट आणि डिस्टिल वॉटर निम्मंनिम्मं. तयार मिळतं त्यात पाणी घालत नाही. सकाळी इंजिन थंड असताना पातळी बघतो. गरम झाकण उघडून तोंड भाजलेले दोघे आमच्याच गल्लीत आहेत. कमी झालं तर वरून साधं पाणी नाही, तेच मिश्रण. आणि रंगावर जात नाही. रंग टिकतो, आतलं औषध संपतं, म्हणून पुस्तकात दिलेल्या मुदतीला सगळं बदलायचं. रंगीत पाणी भरलेले सुटे कॅनही बाजारात फिरतात. सील आणि बिल बघून घ्या.

कृषी यांत्रिकीकरणातून नव्या ट्रॅक्टरला, अवजाराला अनुदान मिळतं, महाडीबीटीवर अर्ज होतात, सोडतीच्या बातम्या मी स्वतः लावल्यात. पण शिवारात राबतात ते बहुतेक जुने, दोन-तीन हात फिरलेले. त्यांच्या देखभालीचं एक दिवसाचं शिबिर तालुक्यात झालेलं मला आठवत नाही. आणि ते व्हावं अशी बातमी मी इतक्या वर्षांत एकदाही केली नाही. आयटीआयला ट्रॅक्टर मेकॅनिकचा कोर्स असतो. तिथले मास्तर आणि पोरं शनिवारच्या बाजाराला एक टेबल टाकून बसली तरी पुष्कळ होईल. कुणी पुढाकार घेत असेल तर टेबल-खुर्च्या माझ्याकडून.

तो भोकाचा लायनर मी टेबलावर ठेवलाय. ज्याला बघायचा त्याने चहाला या.