पान कोणते?

वाशीम जिल्ह्यातील एका महाविद्यालयात एम.ए.च्या वर्गावर 'लीळाचरित्र' शिकवताना अध्यापकांनी सवयीप्रमाणे "पान काढा" म्हटले, आणि चार बाकांवर चार निरनिराळी पाने निघाली. एका विद्यार्थिनीपुढे ग्रंथालयातून आणलेली वि. भि. कोलते संपादित प्रत होती. दुसऱ्याने मोबाइलवर उघडलेली पीडीएफ ह. ना. नेने यांच्या जुन्या आवृत्तीची होती. तिसऱ्याजवळ निवडक लीळांचे संकलन होते आणि उरलेल्यांजवळ बाजारातली मार्गदर्शिका. पानाऐवजी लीळेचा क्रमांक सांगूनही भागेना, कारण नेने व कोलते यांच्या आवृत्त्यांतील लीळांचे क्रमांक जुळत नाहीत. मागून कोणी म्हणाले, "सर, माझ्याकडे पानच नाही, नुसते वर सरकते." वर्ग हसला. अध्यापकांना मात्र पुढचा तासभर दुसरे काही सुचले नाही.

छापील पुस्तक की ई-पुस्तक, हा प्रश्न विभागाच्या बैठकीत येतो तो किमतीच्या व सोयीच्या रूपात, आणि या भागात ते रूप क्षुल्लक मानता येत नाही. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत २०१८ पासून वाशीमचे नाव आहे. मानोरा किंवा रिसोड तालुक्यातून एसटीने येणाऱ्या मुलाच्या घरी सोयाबीनचे पैसे हाती येईतो पहिले सत्र सरत आलेले असते. पुस्तक मात्र सत्राच्या आरंभी हवे असते. मोबाइल घरात आधीच असतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत; विश्वकोशही तसाच उपलब्ध आहे. महाविद्यालयांसाठीची एन-लिस्ट योजना २०१० पासून आहे, पण तिच्यातील पुस्तके बहुतांशी इंग्रजी असल्यामुळे मराठीच्या विद्यार्थ्याची झोळी तेथून रिकामीच परतते. अशा स्थितीत कागदाच्या वासाचा आणि पाने उलटण्याच्या सुखाचा कैवार घेणे हा भरल्या पोटाचा युक्तिवाद ठरतो.

साहित्याच्या अभ्यासाची अडचण निराळी आहे. 'लीळाचरित्र' नावाची एकच एक संहिता मुळात हाती नाही. म्हाइंभटांची मूळ पोथी धामधुमीत नष्ट झाली व शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली, असे महानुभाव परंपरा सांगते. हिराइसेच्या नावाने ओळखला जाणारा पाठ त्यांपैकीच एक. संपादक अनेक पोथ्यांतून पाठ निवडतो, तेव्हा तो अर्थनिर्णयही करीत असतो. कोलते यांची आवृत्ती १९७८ साली निघाली, ती अशाच निवडीचे फलित होय. हाती आलेल्या फाइलमधून प्रस्तावना गळते, पाठभेद गळतात, संपादकाचे नावही गळते, आणि उरतो तो कोणाचाच नसलेला मजकूर. त्यातील वाक्य विद्यार्थी निबंधात उद्धृत करतो, तेव्हा ते चक्रधरांचे, म्हाइंभटांचे, हिराइसेचे की टंकलेखकाचे, हे ठरवण्याचे साधन त्याच्याजवळ राहत नाही.

यात आणखी एक गंमत आहे. जुन्या, युनिकोडपूर्व अक्षरसंचांत जुळवलेल्या पीडीएफमधला परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवला की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरे व चिन्हे यांची खिचडी उमटते. महानुभावांची सकळ लिपी निदान बुद्ध्या रचलेली होती आणि तिची किल्ली राजवाड्यांना सापडली. ही आपली नवी सकळ लिपी निव्वळ अनवधानातून जन्मली आहे.

संहितेची काळजी या जिल्ह्याला परकी नाही. कारंज्याच्या जैन ग्रंथभांडारांतील पोथ्यांच्या आधाराने काही अपभ्रंश वाङ्मय छापखान्यापर्यंत पोहोचले. पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' प. ल. वैद्य यांनी १९३१ मध्ये कारंजा जैन ग्रंथमालेत आणि 'णायकुमारचरिउ' हिरालाल जैन यांनी १९३३ मध्ये देवेंद्रकीर्ती जैन ग्रंथमालेत संपादित केले. जैन तेव्हा अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवीत. मराठीच्या पूर्वरूपाविषयी बोलताना ज्या अपभ्रंशाचा हवाला वर्गात दिला जातो, त्याची पोथी येथून तासाभराच्या वाटेवर जपली गेली होती. या पुस्तकांची पानेच्या पाने जशीच्या तशी चित्रांकित करून मिळाली, तर त्याहून उत्तम पाठ्यपुस्तक मागू नये. पृष्ठांक, तळटिपा, संपादकाची शंकाचिन्हे, सारे त्यात सुरक्षित राहते. म्हणजे भेद कागद व पडदा यांच्यात नाही. तो संपादकाने राखलेले पान आणि कोणीही ओतलेला मजकूर यांच्यात आहे.

छापील बाजूही निर्दोष नाही. अभ्यासक्रम बदलला की प्रकाशक नवी 'अभ्यासक्रमापुरती' आवृत्ती काढतो. तीत उतारे छाटलेले, मुद्रणदोष तसेच, आणि ते कोणत्या आवृत्तीतून घेतले याचा उल्लेख नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण राज्यात पदव्युत्तर वर्गांना २०२३-२४ पासून लागू झाले आणि या पुस्तकांचे आयुष्य आणखी आखडले. राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह ज्या वत्सगुल्मात लावला, त्या नगरीच्या पुस्तकविक्रेत्याकडे आज साहित्यविद्या स्पर्धा परीक्षांच्या थप्पीआडून डोकावते, ही तक्रार मात्र त्याच्याकडे नेण्यात अर्थ नाही; तो मागणीनुसार माल ठेवतो.

अध्यापकांनी पुढच्या तासाला पानाचा आग्रह सोडला. फळ्यावर एकाच लीळेचे नेने व कोलते यांचे दोन्ही क्रमांक लिहिले आणि दोन्ही पाठ मोठ्याने वाचवून घेतले. एका शब्दापाशी दोघी वाचणाऱ्या अडखळल्या, कारण दोघींपुढे शब्द निराळे होते. तास तेथेच संपला. नियोजित चार लीळांपैकी एकच झाली.

ग्रंथखरेदीचा तक्ता भरताना त्यांनी पाहिले की त्यात लेखक, ग्रंथनाम, प्रती आणि किंमत एवढेच रकाने आहेत. संपादक व आवृत्ती यांना जागा नव्हती. त्यांनी ती माहिती ग्रंथनामाच्या रकान्यात, बारीक अक्षरात, समासापर्यंत नेऊन लिहिली.