ज्यांच्या कानी सुवार्ता गेलीच नाही

कुरुद, भिलाई

चि. अभय,



तू सेमिनरीत परत गेल्यापासून मन थाऱ्यावर नाही. दुर्गला तुला गाडीत बसवताना मी गप्प का होते, हे तुला कळलं असेलच. शेजारचा म्हातारा गेला म्हणून दुखवट्याला गेलो होतो आपण. त्यांचं सुतकही फिटलं नव्हतं. त्याच्या नातवाने तुझा हात धरून विचारलं, "हमर बबा कहाँ गे हे, भैया?" आणि तू त्याला सांगितलंस, ज्यांनी प्रभूचं नाव ऐकलं नाही त्यांना मार्ग नाही. अरे, आठ वर्षांचं लेकरू ते! त्याच घरातल्या भाकरीवर तू लहानपणी किती दुपारी काढल्यास, आठवतं ना?

परतताना म्हणालास, "आत्या, शास्त्रात असंच आहे." शास्त्रात कर्नेल्यही आहे. पेत्र त्याच्या उंबऱ्यावर पोचण्याआधीच त्याच्या प्रार्थना देवापर्यंत पोचल्या होत्या. आणि अब्राहाम आहे. सदोमच्या परक्या, पापी माणसांसाठी तो देवाशी पन्नासापासून दहापर्यंत घासाघीस करत राहिला. तू त्या म्हाताऱ्यासाठी एकदा तरी पदर पसरलास का?

तुझ्या टेबलावर पंडिता रमाबाईंचा फोटो असतो. त्यांच्या वडिलांचं काय झालं असेल, हे कधी मनात आलं? अनंतशास्त्री डोंगरे तीर्थामागून तीर्थ फिरले, पुराणं सांगितली, गाठीचं होतं ते दानधर्मात घातलं आणि 1874 मध्ये उपासमारीने गेले. जाताना लेकीला त्यांनी देवाच्या हाती सोपवलं, जन्मभर त्याचीच सेवा कर म्हणाले. रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला 1883 मध्ये, तोही इंग्लंडात. म्हणजे बाप नऊ वर्षं आधीच मातीत. 1907 साली बाईंनी आपली साक्ष लिहिली. केडगावात त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये मोठी आत्मिक जागृती होऊन दोनच वर्षं झाली होती, आणि तारणाच्या बाबतीत त्यांच्याइतकी कडक बाई मराठी मंडळीत सापडायची नाही. एकच खरा देव वडिलांना ठाऊक नव्हता, हे त्या लपवत नाहीत. पण त्याच दमात सांगतात की त्या न कळलेल्या देवाचीच सेवा वडिलांनी सर्व मनाने, सर्व शक्तीने केली. बापाला नरकात लोटून त्या पुढे गेल्या नाहीत रे. ते पान पुन्हा वाच. परीक्षेसाठी नको, नुसतं वाच.

आणि इथलंच बघ. 18 डिसेंबरला सतनाम्यांच्या जैतखांबावर पांढरा झेंडा चढतो, पंथी नाचाचा मांदर घुमायला लागतो, तेव्हा आपल्या घरी नाताळच्या करंज्या चाललेल्या असतात. ज्यांची ती जयंती, ते गुरू घासीदास 1756 मध्ये गिरौदपुरीला जन्मले. एकच निराकार सतनाम माना, मूर्ती नको, दारू नको, मांस नको, माणसामाणसांत उच्चनीच नको, असं त्यांनी शेतात राबणाऱ्या, गावाबाहेर ठेवलेल्या लोकांना सांगितलं. 1850 मध्ये ते गेले. ऑस्कर लोर पाद्री रायपूरला आले 1868 मध्ये. सारे सतनामी लवकरच ख्रिस्ताकडे येतील या आशेने त्यांनी बिश्रामपूर वसवलं. काही घरं आली, बाकीची आली नाहीत. मला सांग, मधल्या त्या अठरा वर्षांचा दोष कोणाच्या माथी मारायचा? घासीदासांच्या? मिशनच्या मंडळाने पैसे उशिरा गोळा केले, जहाज उशिरा सुटलं, म्हणून देवाने एका माणसाला कायमचं टाकून द्यावं? ज्या पित्यापुढे मी रोज गुडघे टेकते, तो असा नाही. हे मी मरेपर्यंत म्हणेन, तुझ्या प्राचार्यांसमोरही म्हणेन.

जुन्या गोव्यात ज्यांच्या शवपेटीपुढे तू उभा राहिलास, त्या फ्रान्सिस झेविअरांनाही जपानी माणसांनी हेच विचारलं होतं. आमच्या वाडवडिलांचं काय? झेविअर म्हणाले, नरकातून सुटका नाही. माणसं रडली. 1552 च्या जानेवारीत कोचीनहून पाठवलेल्या पत्रात त्यांनी ते लिहिलं, आणि आपल्यालाही वाईट वाटल्याचं लिहिलं. पण त्याच पत्रात त्यांनी जपान्यांना दिलेलं दुसरं एक उत्तर आहे. देवाचे नियम कोणी शिकवण्याआधीच माणसाच्या अंतःकरणात लिहिलेले असतात. डोंगरात एकटा वाढलेला, अक्षरशत्रू माणूसही खून-चोरी वाईट हे जाणतो. रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलही हेच म्हणतो ना? तू मात्र त्या पोराला पहिलंच उत्तर दिलंस.

देव या मुलखात पाद्र्यांच्या आधी आला होता. नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो आपल्याच लाइनीवर, नागपूरहून राजनांदगावला येताना, आगगाडीत. पण ते म्हणत, ख्रिस्ताकडे मी तुकोबांच्या पुलावरून आलो. तो पूल कोणत्या मिशनने बांधला होता?

"मग सुवार्ता सांगायचीच कशाला?" असं तू लगेच विचारशील. सांगायची, कारण प्रभू गोड आहे. माझ्या वाट्याला आलेलं सुख शेजारणीला सांगितल्यावाचून मला राहवत नाही, म्हणून सांगायची. नरकाची भीती घालून आणलेला माणूस भीती संपली की निघून जातो. आपले थोरले दादा तसेच निघून गेले.

हे सगळं लिहिलं, पण खरी काळजी मला तुझी वाटते. रात्री दोन वाजता तू अंगणात फेऱ्या घालत होतास, ते मी पाहिलं. तुझ्या आईच्या आईचं नाव घेतलं की तू विषय बदलतोस. ती गेली तेव्हा तिच्या उशाशी ना शास्त्र होतं ना प्रार्थना. त्या पोराला दिलेलं उत्तर तू कित्येक महिने स्वतःलाच देत आला आहेस का, बाळा? तसं असेल तर वसतिगृहात एकटा कुढत बसू नकोस. पाळकसाहेबांशी बोल, नाहीतर इथे ये, मी आहे.

झोप लागते की नाही, ते आधी कळव. पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच उपासना चालवणार आहेस. लूकचा बारावा अध्याय घेणार असशील तर सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस ही दोन्ही वचनं वाच. धन्याची इच्छा ज्याला ठाऊकच नव्हती, त्या चाकराचं अठ्ठेचाळीसाव्यात आहे. तिथे घाई करू नकोस.

तुझी,
आत्या