माझगावातून गेलेले अंक

कवितेला वाहिलेलं एक लहानसं अनियतकालिक मी बरीच वर्षं चालवलं. ही ओढ कुठून लागली, असं कुणी विचारलं तर मी माझगाव सांगते; आणि माझगावातलं एक घर, जिथे शनिवारची संध्याकाळ सरली की पेटी उघडायची.

मी सर एली कदूरी शाळेत होते. हाईम सॅम्युअल किहीमकरांनी १८७५ साली बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या मुलांसाठी सुरू केलेली ही शाळा. माझ्या वेळी हजेरीत दिवेकर, पेणकर, अष्टमकर, नवगावकर असायचे. आडनावं कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावरची, घरातली बोली मराठी. रिबेका रूबेन बाईंचं नाव मोठ्या माणसांच्या तोंडी सारखं येई. १९०५ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या या बाईंनी १९२२ पासून १९५० पर्यंत ही शाळा सांभाळली. त्याच्याही आधी, ऐन तरुण वयात, त्यांनी बेने इस्राएल समाजाचं वार्षिक संपादित केलं होतं. शाळा आणि अंक या दोन्ही गोष्टी एकाच हातून होऊ शकतात, हे मला तेव्हापासून अगदी स्वाभाविक वाटत आलं आहे.

पेटी उघडायची ते घर माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचं. तिच्या आजीकडे कीर्तनाची एक जीर्ण पुस्तिका होती. पानं तपकिरी झालेली, कडा जेवणाच्या हातांनी मऊ पडलेल्या. आजी ती समोर ठेवायची, पण बघायची नाही. अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या गोष्टी साकी-दिंडीच्या चालीवर म्हणायची, मधेच थांबून मला सांगायची, ‘‘बाय, आता झांज जरा हळू.’’ आमच्या घरी रामदासांचे श्लोक याच वेळी चालायचे, म्हणून मला त्यात परकं काहीच वाटलं नाही. एकाच चालीत दोन घरांचे देव बसत होते.

पुढे वाचत गेले तेव्हा कळलं, की ती पुस्तिका एका मोठ्या चळवळीचा उरलेला तुकडा होती. १८८० साली मुंबईतल्या बेने इस्राएलांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढलं. हरिदासांची कीर्तनं ऐकून त्यांना वाटलं, आपल्या ग्रंथातल्या कथा आपल्याच भाषेत अशा का सांगू नयेत? बेंजामिन शिमशोन अष्टमकरांसारख्यांनी कीर्तनं रचली, ती छापली, लोकांना जमवून गाऊन दाखवली. त्याच काळात जोसेफ एझिकेल राजपूरकर हिब्रू प्रार्थना मराठीत आणत होते. हिब्रू वाचता येणारे थोडे होते. मराठी सगळ्यांना येत होती. कविता जगायची असेल तर ती चारचौघांत म्हटली पाहिजे, त्यासाठी छापलेला कागद हवा आणि जमायला जागा हवी, हे या माणसांना अचूक उमगलं होतं. मी याला साहित्य म्हणते. मराठी वाङ्मयाचे इतिहास त्याला फार तर एखादी ओळ देतात, हे मला मान्य नाही.

कॉलेजात असताना मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलमध्ये जायला लागले. तिथे पी.ई.एन. या लेखकांच्या संस्थेचं कार्यालय होतं आणि तिथे कवी निस्सीम एझिकेल असत. बेने इस्राएल घरातले, वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे. त्यांनी ‘क्वेस्ट’ या नियतकालिकाचं संपादन केलं, मग १९६६-६७ मध्ये ‘पोएट्री इंडिया’ काढलं. भारतीय भाषांतल्या कविता इंग्रजीत आणून ते त्यात छापत. नियतकालिक थोडक्या अंकांत थांबलं. तरी मुंबईतल्या किती तरी नव्या कवींनी आपलं पहिलं बाड याच माणसापुढे ठेवलं. त्यांचं टेबल हेच खरं मासिक होतं, असं मला वाटतं. १९७४ साली वृंदा नाबरांबरोबर त्यांनी इंदिरा संतांच्या कवितांची इंग्रजी भाषांतरं पुस्तकरूपाने आणली. १९८३ साली त्यांना साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं, ते ‘लॅटर-डे साम्स’साठी, तेहिलीमच्या, म्हणजे दाविदाच्या स्तोत्रांच्या परंपरेशी वाद घालणाऱ्या कवितांसाठी. मला त्या पुस्तकात माझगावच्या त्या पेटीचा सूर ऐकू येतो. ते इंग्रजीत लिहीत होते, हे मी विसरलेले नाही; पण कवींना जवळ बसवून ऐकायची ती रीत मुंबईतल्या त्यांच्या समाजात कितीतरी जुनी होती.

या सगळ्या वर्षांत माझगावच्या शाळेतले वर्ग रिकामे होत चालले होते. एकेकाळी वीस हजारांच्या आसपास असलेला समाज इस्राएलला जात राहिला. मैत्रिणीचं घरही गेलं. तिकडे त्यांना आपण पूर्ण ज्यू आहोत हे सिद्ध करावं लागलं, त्यासाठी आंदोलन करावं लागलं, आणि १९६४ साली तिथल्या संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला. एवढ्या झगड्यानंतर माणसं जुनी भाषा टाकून देतात. यांनी ती टाकली नाही. १९८५ साली तिथे ‘मायबोली’ हे मराठी त्रैमासिक सुरू झालं. नोहा मस्सील या कवीने ते पुढे वर्षानुवर्षं चालवलं. मैत्रिणीने इस्राएलमधल्या लोदहून पाठवलेला पहिला अंक मी जेवण बाजूला ठेवून वाचला. कविता, आठवणी, समाजाच्या बातम्या, सगळं मराठीत, आणि वाचणारे सगळे हिब्रूत बाजारहाट करणारे.

अंक चालवणं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. वर्गणी संपलेल्यांना पुन्हा पत्र घालायचं, नवख्या मुलाची कविता तीनदा वाचून त्याला एक चांगली ओळ दाखवायची, मुद्रितशोधन रात्री, पाकिटं सकाळी. आपल्या भाषेच्या मुलखात हे करताना दमछाक होते. जिथे पुढची पिढी ती लिपीही वाचत नाही, तिथे ते नेटाने करणाऱ्यांना मी मराठीतल्या मोठ्या संपादकांच्या रांगेत बसवते.

कदूरी शाळा माझगावात अजून भरते. आता तिथे बहुतेक मुलं मुसलमान आहेत, आणि ती शिकताहेत याचा मला आनंद आहे. माझं मागणं वाचकांकडे आहे. तुमच्या माळ्यावर, पेटीत, एखाद्या शेजाऱ्याने जाताना ठेवून दिलेल्या ट्रंकेत इस्राएली कीर्तनाच्या पुस्तिका, प्रार्थनांची मराठी भाषांतरं, समाजाची जुनी मासिकं किंवा ‘मायबोली’चे अंक असतील, तर ते रद्दीत घालू नका. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जाणत्या ठिकाणी चौकशी करा आणि ते तिथे पोचवा.