ऑफ, पण कशावरून?

इंग्रजीतल्या मोठ्या शब्दांनी मला कधी त्रास दिला नाही. 'हायपोथिकेशन' हा शब्द मी बँकेत लागलो त्या पहिल्याच आठवड्यात गिळला. ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या दारात आणि त्याच्यावरचा बोजा आमच्या कागदात, एवढं कळलं की तो शब्द संपला. मोठा शब्द जावयासारखा असतो. वर्षातून एक-दोनदा येतो, सरबराई केली की निघून जातो. खरा छळ करतात ते घरात कायम वावरणारे बारके शब्द. इन, ऑन, ऑफ, अप, टू. दीड अक्षराची ही पोरं. पण क्रियापदाच्या खांद्यावर बसली की त्या क्रियापदाला स्वतःच्या बापाचं नाव आठवत नाही.

'लुक' म्हणजे बघणे, इथपर्यंत पाचवीच्या वर्गात आमचं सगळ्यांचं एकमत होतं. (आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत भेटायची. पहिलीपासून ती आली २००० साली. तोवर आम्ही सुटलो होतो.) मग कळलं की 'लुक फॉर' म्हणजे शोधणे, 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे आणि 'लुक इन्टू' म्हणजे चौकशी करणे. आमच्या वर्गातल्या एकाने 'लुक आफ्टर'चं भाषांतर 'नंतर बघू' असं केलं आणि छडी खाल्ली. पुढं नोकरीत शिरल्यावर मला उमगलं की बिचाऱ्याचा अर्थ बरोबर होता, फक्त पत्ता चुकला होता. 'द मॅटर इज बीइंग लुक्ड इन्टू' असं उत्तर आलं की त्याचा अर्थ नेमका 'नंतर बघू' हाच असतो. शिवाय त्या वाक्यात बघणारा कोण ते कुठंच लिहिलेलं नसतं. सर्वनाम मागच्या दाराने घरी गेलेलं असतं.

आता आपली मराठी बघा. 'ला', 'ने', 'शी', 'त' हे आपले प्रत्यय शब्दाच्या पाठीमागून येतात आणि त्याला असे चिकटतात की शब्दालाच वाकावं लागतं. घोडा असतो तो 'ला' येताच घोड्याला होतो. व्याकरणात याला सामान्यरूप म्हणतात. रक्कम, हप्ता, जामीन ही सगळी अरबी-फारसीतून आलेली मंडळी. पण आमच्या काउंटरवर येईपर्यंत रकमेला, हप्त्याने, जामिनाशी अशी निमूट वाकायला शिकलेली. साक्षात बँकसुद्धा 'त' समोर मान तुकवून बँकेत होते. इंग्रजीत उलटं. तिथं हे बारके शब्द चोपदारासारखे पुढं चालतात आणि मागचं नाम तसंच ताठ. वाकायचं ते फक्त गरीब सर्वनामांनी. 'ही'चा 'हिम' होतो, 'दे'चा 'देम' होतो आणि 'आय'चा 'मी' होतो. हा 'मी' मोठा गमतीचा. मराठीत 'मी' म्हणजे कर्ता, इंग्रजीत 'मी' म्हणजे मला. बँकेत गेली वीस वर्षं सगळ्या परिपत्रकांची क्रिया माझ्यावरच घडत असल्यामुळे हा इंग्रजी 'मी' मला जास्त जवळचा वाटतो.

पण हे प्रकरण मला नीट समजलं ते मुलीच्या अभ्यासामुळे. एका संध्याकाळी तिने वही पुढं केली.

"बाबा, 'ही रॅन अप अ हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल', दोन्हीत 'अप' आहे. फरक काय?"

मी म्हटलं, "पहिला मांजरसुंब्याचा घाट चढला, दुसऱ्याने किराणा दुकानात उधारी चढवली."

"ते कळलं हो. पण हिलच्या आणि बिलच्या जागी 'इट' घातलं तर?"

आणि इथं खरी मौज आहे. टेकडी असेल तर 'रॅन अप इट'. बिल असेल तर 'रॅन इट अप'. सर्वनाम उडी मारून मध्ये येऊन बसतं! कारण टेकडीचा 'अप' टेकडीचा आहे आणि बिलाचा 'अप' क्रियापदाने दत्तक घेतलाय. नाम असेपर्यंत दोघं जुळ्या भावांसारखे दिसतात. 'इट' आला की कोण कुणाचा ते कळतं. म्हणून पंखा बंद करायचा तर 'स्विच इट ऑफ' म्हणायचं, 'स्विच ऑफ इट' नाही. पण म्हातारीला सांभाळायचं तर 'लुक आफ्टर हर' म्हणायचं, 'लुक हर आफ्टर' नाही. मुलीने मान हलवली आणि खेळायला गेली. मी मात्र रात्री झोपेपर्यंत घरातल्या वस्तू 'इट' लावून तपासत बसलो. बायकोला वाटलं, ऑडिट आलंय.

तुम्ही म्हणाल, इंग्रज विचित्रच. पण आपण काय कमी आहोत? 'लिही' या एका क्रियापदाला आपण शेपट्या लावतो. लिहून दे, लिहून घे, लिहून ठेव, लिहून टाक. यातलं 'दे' की 'घे' एवढ्या फरकावर आमच्या भागात कितीतरी एकर जमीन इकडची तिकडे झालीय. जे काम आपलं 'टाक' आणि 'ठेव' करतं तेच काम इंग्रजीत 'ऑफ' आणि 'डाउन' करतात. 'राइट डाउन' म्हणजे लिहून ठेव, इतकं सरळ. पण 'राइट ऑफ' म्हणजे?

या 'ऑफ'मुळे आमच्या शाखेत एकदा चांगलाच प्रसंग उभा राहिला. आठवडी बाजाराचा दिवस होता. अशा दिवशी गर्दी एवढी की पैसे भरायला आलेला आणि पाणी प्यायला आलेला यांतला फरक कळत नाही. एक म्हातारे बप्पा काउंटरशी आले. हातात घडी पडलेलं पत्र, चेहऱ्यावर लग्नघरचं हसू.

"साहेब, एकदा वाचून दाखवा. भाचा म्हणतो, कर्ज गेलं."

भाच्याने अर्ज करून खात्याची माहिती मागवली होती आणि वरच्या कुठल्यातरी कार्यालयातून इंग्रजीत दोन ओळी आल्या होत्या. कर्जखातं 'रिटन ऑफ' झालंय, ही पहिली ओळ. शाखेशी संपर्क साधा, ही दुसरी. दुसरी ओळ गावात कुणी वाचलीच नव्हती. बप्पांनी कर्ज भरायला म्हणून खोंड विकला होता. आता ते पैसे पोरीच्या लग्नाला काढायचे ठरले होते. माझ्याकडून फक्त 'होय' हवं होतं.

हे 'होय' माझ्या तोंडून निघेना. २००८ साली केंद्र सरकारने पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्यांचं थकलेलं पीककर्ज माफ केलं. राज्याने २०१७ साली दीड लाखापर्यंत आणि २०१९ साली दोन लाखांपर्यंत केलं. ती माफी. तिला इंग्रजीत 'वेव्हर' म्हणतात. तिथं शेतकरी सुटतो. 'राइट ऑफ' ही बँकेची घरगुती बाब. दोन हंगाम पैसे आले नाहीत की साध्या पिकाचं कर्ज थकीत धरतात. पुढं वर्षं लोटली, येण्याची आशा उरली नाही, की बँक आपल्या नफ्यातून खड्डा भरते आणि ती रक्कम ताळेबंदातून काढते. मराठी परिपत्रकात याला 'निर्लेखित' म्हणतात. हा शब्द वाचून तर इंग्रजीच बरी वाटते. मुद्दा असा की खातं निर्लेखित झालं तरी कर्जदार देणं लागतोच आणि वसुली चालूच राहते.

मी हे सगळं जमेल तितक्या हळू सांगितलं. बप्पांचं हसू उतरलं. ते पत्राकडे बघत म्हणाले, "मग हे 'ऑफ' म्हंजे काय हो?"

"उतरवलं, काढलं, असं."

"तेच तर भाचा म्हणतो. काढलं. पण कशावरून? माझ्या अंगावरून, का तुमच्या वहीवरून?"

मी बी.कॉम. झालो, बँकेच्या परीक्षा दिल्या, पण एवढा नेमका प्रश्न कुठल्या पेपरात आला नव्हता. मराठीत कर्ज माणसाच्या अंगावर असतं. 'वरून' म्हटलं की कशावरून ते सांगावंच लागतं, प्रत्यय काही हवेत लोंबकळत नाही. इंग्रज मात्र 'ऑफ' म्हणून मोकळा. पुढचं नाम गिळून टाकतो आणि ऐकणारा आपल्या सोयीचं नाम तिथं बसवतो.

"वहीवरून, बप्पा," मी म्हणालो.

"आन् माझ्या अंगावरचं?"

"ते आहे."

मागच्या रांगेतून कुणीतरी "आटपा की" म्हणून ओरडलं. बप्पा हलले नाहीत. शेवटी मी त्यांना शाखाधिकाऱ्यांकडे नेलं. अशा खात्यांत तडजोड करता येते. थोडं व्याज सोडतात, रक्कम ठरते, काही आत्ता, काही पुढं. अर्धा तास बोलणं चाललं. मग बप्पांनी बंडीच्या आतल्या खिशातून पुडकं काढलं, दोनदा मोजलं, निम्मं माझ्यापुढं सरकवलं आणि निम्मं परत आत ठेवलं.

"एवढं आज. ह्ये लग्नाचं."

मी पावती फाडून दिली. ती त्यांनी घेतली, पण गेले नाहीत. छापील इंग्रजी ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "इथं काय लिहिलंय?"

"'रिसीव्ड फ्रॉम'. म्हणजे मिळाले. आणि पुढं तुमचं नाव."

"'फ्रॉम' म्हंजे?"

"तुमच्याकडून."

"हां," बप्पा पावतीची घडी घालत म्हणाले, "ह्ये बराबर लिहिलंय."