काचेतला समुद्र : नवशिक्यांसाठी चार शब्द

गोड्या पाण्यातले मासे आपल्या वस्त्यांना नवे नाहीत. बरणीतले गप्पी, काचेच्या टाकीतले दोन गोल्डफिश कितीतरी घरांत दिसतात. परंतु खाऱ्या पाण्याची टाकी, तिच्यात खडक आणि केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउन मासे, हे मुले सिनेमात पाहतात आणि घरी येऊन हट्ट धरतात. आजकाल हप्त्यावर सर्व काही मिळते. म्हणून या विषयावर लिहावेसे वाटले.

आमची या विषयाशी ओळख झाली ती आमच्या पुतण्यामुळे. आय.टी.आय. होऊनही कारखान्यात जागा मिळेना, तेव्हा तो फिश टँकच्या दुकानात लागला. आता तो कचेऱ्यांतल्या आणि मोठ्या घरांतल्या टाक्यांची देखभाल करतो. सुट्टीच्या दिवशी आम्ही त्याच्याबरोबर पाण्याचे कॅन उचलायला जातो. त्यामुळे नवशिके कुठे चुकतात हे आम्हाला जवळून पाहायला मिळाले.

सर्वांत मोठी चूक घाईची. शनिवारी टाकी आणायची, रविवारी पाणी भरायचे आणि संध्याकाळी मासे सोडायचे. बुधवारपर्यंत मासे उलटे तरंगतात. मग कोणी म्हणते दुकानदाराने आजारी मासे दिले, कोणी म्हणते नजर लागली. बंधू-भगिनींनो, नजर वगैरे काही नसते. माशांची विष्ठा आणि उरलेले खाणे यांपासून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विष आहे. काही सूक्ष्म जंतू त्या अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जंतू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते पुष्कळ सौम्य असते आणि थोडे थोडे पाणी बदलून काढता येते. या जंतूंची वस्ती खडकावर आणि वाळूवर बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा सोडणे म्हणजे त्याला विषात सोडणे होय.

पुतण्याने घरी साठ लिटरची टाकी मांडली तेव्हा सहा आठवडे तिच्यात एकही मासा नव्हता. जंतूंना अमोनिया मिळावा म्हणून तो रिकाम्या टाकीत माशांच्या खाण्याची चिमूट टाकायचा, थेंबांच्या औषधाने पाणी तपासायचा आणि वहीत तारीख घालून आकडे लिहायचा. शेजारच्या मावशी रोज विचारायच्या, "काय रे, नुसतं मिठाचं पाणीच पाळलंस का?" तो म्हणायचा, "मावशी, आधी पाणी जगू दे, मग मासा जगेल." अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले तेव्हाच त्याने दोन मासे आणले. प्रत्येक गोष्टीला कारण असते आणि कारण दूर केले की परिणाम थांबतो, हे आपण विहारात ऐकतो. तेच त्या वहीत आकड्यांनी लिहिलेले आम्ही पाहिले.

दुसरी चूक पाण्याची आणि मिठाची. पुष्कळांना वाटते, मुंबईला समुद्र शेजारी असताना मीठ विकत कशाला घ्यायचे? सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या प्रत्येकाने दादरचा समुद्र पाहिला आहे. एवढ्या मोठ्या शहराचे सांडपाणी ज्या किनाऱ्याला मिळते तिथले पाणी कॅन भरून आणून टाकीत ओतता येत नाही. कोणी म्हणते, मग मिठागरातले मीठ घालू. तेही चालत नाही. मिठागरात पाणी आटते तेव्हा चुना आणि जिप्सम आधीच खाली बसतात, मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहते आणि आपल्या हाती येते ते मुख्यतः खायचे मीठ. गोगलगाईला शंख करायला आणि प्रवाळाला सांगाडा बांधायला कॅल्शियम लागते. म्हणून सर्व क्षार योग्य प्रमाणात असलेले टाकीचे खास मीठ घ्यावे लागते. लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम, म्हणजे साठ लिटरला दोन किलोंहून थोडे अधिक. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, जुन्या नळांतून तांबेही उतरते. म्हणून हे मीठ शुद्ध केलेल्या पाण्यातच मिसळतात.

तिसरी चूक दिसायला क्षुल्लक आहे, पण ती आम्ही सर्वांत जास्त वेळा पाहिली. टाकीतले पाणी रोज थोडे उडून जाते. वाफ पाण्याची होते, मिठाची होत नाही. हे विसरून लोक कमी झालेल्या जागी पुन्हा मिठाचे पाणी ओततात. महिनाभरात पाणी इतके खारट होते की मासे धापा टाकू लागतात. उडालेल्या पाण्याच्या जागी साधे शुद्ध पाणीच घालायचे, रोज थोडे थोडे. काचेवर पेनाने एक रेघ मारून ठेवली की लहान मूलसुद्धा हे काम करू शकते.

लहान टाकी सोपी असते हाही गैरसमजच. पाणी जितके कमी तितके ते लवकर बिघडते. मोठ्या टाकीत एक मासा मेला तर सावरायला वेळ मिळतो. लहान टाकीत सकाळी मेलेला मासा संध्याकाळपर्यंत बाकीच्यांना घेऊन जातो. उष्णतेचेही तसेच. या माशांना पंचवीस-सव्वीस अंश मानवते आणि आपल्या पत्र्याच्या घरात मे महिन्यात काय होते ते सांगायला नको. थंड करणारे यंत्र महाग असते. पुतण्या पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावतो. माठातले पाणी ज्या कारणाने थंड होते त्याच कारणाने टाकीतले पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. मात्र मग पाणी जास्त उडते आणि ती रेघ जास्त वेळा पाहावी लागते. वीज जाईल त्या वेळेसाठी बॅटरीवरचा हवेचा पंप घरात हवाच.

मासे जास्त आणि खाणे जास्त, ही पुढची चूक. साठ लिटरमध्ये दोन लहान मासे पुरेत. पाहुणा आला की टाक चिमूट, मूल रडले की टाक चिमूट, असे केले तर ते सगळे खाली कुजते. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच टाकावे.

औषधाच्या बाबतीत एक प्रसंग सांगतो. पुतण्या ज्यांची टाकी पाहतो त्यांपैकी एका घरी माशांवर पांढरे ठिपके आले. मालकांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून बाटली आणून ओतली. तांब्याने ठिपक्यांचा रोग हटतो खरा, पण गोगलगाई आणि कोळंबी यांना तांबे सोसत नाही. सकाळी त्या सगळ्या मेल्या आणि दोष मुलावर आला. दोन महिन्यांचे पैसे अडवले. त्याने आवाज चढवला नाही. वही दाखवली, तांब्याची चाचणी करून रंग दाखवला आणि बाटलीवरचा मजकूर वाचायला सांगितला. पैसे मिळाले, काम मात्र गेले. तो म्हणाला, "काका, काम दुसरं मिळेल. वही नसती तर मी खोटा ठरलो असतो." केवळ कोणी सांगितले म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा गुरूचे म्हणणे म्हणून काही मानू नका, तपासून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. आमच्या पुतण्याची रोजी त्या तपासणीवर चालते.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आम्हाला सर्वांत जड वाटतो. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, तो जिवंत प्राण्यांचा समूह आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळ आणि समुद्रघोडे यांचा समावेश झाला. मालवणहून किंवा कुठल्याही किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे. चोरून विकणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नये. पुतण्याच्या टाकीत प्रवाळ नाही. भाजलेल्या मातीचे खडक आहेत, त्यांवर जंतू तेवढ्याच आनंदाने राहतात.

तरीही घरात प्रश्न निघालाच. त्याची काकू म्हणाली, "पहिले शील घेणाऱ्या घरात जीव काचेत कोंडून ठेवायचे का?" आम्ही पुष्कळ बोललो. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात सायनाइड मारून मासे गुंगवून पकडतात आणि त्यांतले कित्येक वाटेतच मरतात, हे पुतण्यानेच सांगितले. म्हणून तो समुद्रातून पकडलेला मासा घेत नाही. क्लाउन माशांची पैदास टाक्यांत करता येते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशात ते काम केले आहे. तसलेच दोन मासे त्याने घेतले. काकूचे पूर्ण समाधान झाले नाही. पण रोज सकाळी रेघ पाहून पाणी घालते ती काकूच.

ज्यांना दरमहा मीठ आणि शुद्ध पाणी परवडणार नाही त्यांनी मुलांचा हट्ट दुसऱ्या रीतीने पुरवावा. ओहोटीची वेळ पाहून मुलांना खडकाळ किनाऱ्यावर न्यावे. मुंबईच्या किनाऱ्यावरही प्रवाळ आहे. २०२० साली कोस्टल रोडच्या कामासाठी हाजी अली आणि वरळी येथील प्रवाळ दुसरीकडे हलवावे लागले होते. डबक्यात खेकडे, गोगलगाई, समुद्रफुले दिसतात. पाहावे, हात लावू नये, काही उचलू नये. त्याला पैसा लागत नाही.

आणि ज्या मुलामुलींना या कामाची खरीच आवड असेल त्यांनी ते धंदा म्हणून शिकावे. टाकी असणारे पुष्कळ आहेत, पाणी समजणारे थोडे. आधी वही घ्यावी, मग चाचणीचे थेंब घ्यावेत. मासा सर्वांत शेवटी.

जय भीम.