ट्रॅक्टरवर तयार झालेला हात

न्हावरे-चौफुला रस्त्याच्या पट्ट्यातला पोरगा मिसरूड फुटायच्या आधी ट्रॅक्टरवर बसतो. रांजणगाव एमआयडीसीत लागला की पहिल्याच दिवशी सांगतो, "मामा, मला सगळं चालवता येतं." फोर्कलिफ्ट शिकायला ही पोरं माझ्याकडे येतात. हात तयार असतो, भीती नसते, आणि मला काळजी त्याचीच वाटते.

ट्रॅक्टर पुढच्या चाकांनी वळतो, फोर्कलिफ्ट मागच्या. स्टिअरिंग फिरवलं की गाडीचं बूड बाहेर फेकलं जातं, आणि तिथे कुणीतरी पॅलेट मोजत उभा असतो. म्हणून सुरुवातीला मी माल उचलूच देत नाही. रिकामी गाडी, मोकळं यार्ड. पोरं वैतागतात. वैतागू देत.

रांजणगावात आमच्याकडे फ्रिजचे खोके असायचे; हलके, पण इतके उंच की समोरचं दिसत नाही. तिथे रिव्हर्समध्येच जायचं, मान मागे वळवून, कोपऱ्यावर हॉर्न देत. पुढे मी दौंड तालुक्यात कुरकुंभला गेलो. तिथे केमिकलचे 200 लिटरचे ड्रम, पॅलेटवर चार. आतला माल पाण्याइतकाच जड धरला तरी 800 किलोच्या वर, शिवाय ब्रेक मारला की तो आत हिंदकळतो.

प्लेटवर क्षमता 3 टन लिहिलेली असली तरी ती वजनाचा मध्य फोर्कच्या उभ्या पाठीपासून साधारण 500 मिलिमीटरवर असेल तेव्हाचीच. गाडी म्हणजे तराजू. पुढची चाकं हा त्याचा टेकू. माल पुढे सरकला किंवा उंच गेला की क्षमता घटते. म्हणून चालताना फोर्क जमिनीपासून वीतभर, मास्ट मागे कललेला. उतारावर माल नेहमी चढाच्या बाजूला, म्हणजे उतरताना रिव्हर्स.

कुरकुंभला एका संध्याकाळी ट्रकची रांग लागली होती आणि वरून घाई चालली होती. एका पोराने पॅलेट ट्रकवर ठेवलं, फोर्क खाली न घेताच मागे आला आणि जोरात वळला. रिकामी गाडी आडवी झाली. ट्रॅक्टर कलला की उडी मारायची, हे गावाकडे सगळ्यांच्या अंगात मुरलेलं. इथे उडी मारणारा डोक्यावरच्या लोखंडी जाळीखालीच सापडतो. त्याने पट्टा लावलेला होता. स्टिअरिंग घट्ट धरलं, पाय रोवले, पडत्या बाजूच्या उलट अंग टाकलं. कोपर खरचटलं, एवढंच. मी धावत पोचलो तेव्हा तो थरथरत म्हणाला, "मामा, उडी नाही मारली."

त्या रात्री रांग तशीच थांबवली. मॅनेजरसमोर मी एकच मागणी लावून धरली: लोडिंगचा वेळ ऑपरेटरच्या नावावर लिहायचा नाही. पटवायला वेळ लागला, पण ती नोंद बंद झाली. किल्ल्या माझ्याकडे आल्या. शिफ्टच्या सुरुवातीला ब्रेक, हॉर्न, पट्टा, टायर, फोर्क आणि साखळ्या बघून सही केल्याशिवाय मी कुणालाच किल्ली देत नाही.