पॅड बांधून बसलेला मुलगा

वार्षिक अंकासाठी चार ओळी लिहाव्यात अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा एखाद्या थोर विजेत्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असा आमचा विचार होता. परंतु आमच्या मुरुडच्या मैदानावर एक लहानसा प्रसंग घडला व तो विचार आम्ही सोडून दिला. प्रथम तो प्रसंगच सांगतो.

इयत्ता नववीतील एक विद्यार्थी आमच्या क्रिकेट संघात सातव्या क्रमांकावर खेळे. वरची मुले बरी खेळत असल्यामुळे तालुक्याच्या तीन सामन्यांत त्याच्या हाती बॅट आलीच नाही. पुढे जिल्ह्याच्या निवडीतही त्याचे नाव लागले नाही. दुसऱ्या दिवशी तो पॅड घेऊन आमच्याकडे आला व म्हणाला, "सर, उद्यापासून मी येत नाही. नुसतं पॅड बांधून बसायचं, अन् तसंच घरी जायचं. वडील रोज विचारतात, नाव लागलं का म्हणून. काय सांगू त्यांना?"

आम्ही त्यास एवढेच म्हटले, "उद्या ये, मग सांगतो." उत्तर आम्हांस सुचत नव्हते असे नाही. परंतु अशाच एका प्रश्नाचे उत्तर पूर्वी आम्ही फार घाईने दिले होते, आणि ते चुकले होते.

सन १९९४ मध्ये आम्ही एका मिशनच्या वसतिगृहात राहून शिकत होतो. तेथे वर्तमानपत्र एक दिवस उशिरा येई व वाचनालयात त्याची पाने मुले वाटून घेत. त्या वर्षी एके दिवशी वाचले की, अमोल मुझुमदार नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने मुंबईकडून रणजी करंडकाच्या आपल्या पहिल्याच सामन्यात, हरियाणाविरुद्ध फरिदाबाद येथे, २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या पदार्पणात त्या वेळेपर्यंत जगात कोणीही इतक्या धावा केल्या नव्हत्या. ते कात्रण आम्ही वहीत चिकटविले, आणि भारताच्या संघाची यादी छापून आली की त्यात ते नाव शोधण्याचा आम्हांस छंद जडला.

या मुलाची एक गोष्ट त्याच्याही आधीची आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या उपान्त्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागी केली, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्यानंतर फलंदाजीस जावयाचा मुलगा दोन दिवस पॅड बांधून बसून राहिला होता, हे मात्र थोड्यांस ठाऊक असते. तो मुलगा म्हणजे हाच अमोल मुझुमदार.

वर्षे गेली, तरी आम्ही शोधत असलेले नाव यादीत आले नाही. तो काळ तेंडुलकर, द्रविड, गांगुली व लक्ष्मण यांचा होता. मधल्या फळीत जागा चारच, आणि त्या चारही भरलेल्या. मुझुमदार मुंबईसाठी धावा करीत राहिले. सन २००६-०७ च्या हंगामात ते मुंबईचे कर्णधार होते. आरंभी पराभव पदरी आले. पुढे बडोद्याविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात दुसऱ्या डावात एकही धाव झाली नसता मुंबईचे पाच गडी बाद झाले. तरीही तो सामना मुंबईने जिंकला, आणि अंतिम सामन्यात बंगालचा पराभव करून रणजी करंडकही जिंकला. इतके होऊनही २००९ मध्ये त्यांना मुंबई सोडावी लागली. मग ते आसामकडून खेळले, त्यानंतर आंध्रकडून. सन २०१४ मध्ये त्यांनी खेळातून निवृत्ती घेतली तेव्हा त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीचे १७१ सामने, ३० शतके व ११,१६७ धावा होत्या. भारताकडून खेळलेला सामना एकही नव्हता.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यात मैदानाच्या दूरच्या टोकास तीन क्षेत्ररक्षक उभे असतात. त्यांच्यापैकी कित्येकांचे सारे आयुष्य या गावच्या संघातून त्या गावच्या संघात, लहान संघांच्या बसमधून प्रवास करण्यात जाते. अशा खेळाडूस तेथे जो शब्द लावतात, तो मूळचा कारागिरांचा आहे. उमेदवारी संपवून काम पक्के शिकलेला, परंतु स्वतःचे दुकान नसलेला, रोजाने दुसऱ्याच्या कामावर जाणारा कारागीर, असा त्याचा अर्थ. मुझुमदारांचे मुंबई, आसाम, आंध्र हे फिरणे आम्हांस तसेच वाटते. हातात कला पक्की होती, फक्त दुकानावर नाव दुसऱ्याचे होते.

आता आमच्या चुकीविषयी. पदवी घेतल्यावर महाविद्यालयात शिकवावे अशी आमची फार इच्छा होती. तीन वेळा मुलाखती दिल्या व तीनही वेळा आम्हांस परत पाठविण्यात आले. मग आम्ही शाळेत आलो. काम चोख करीत होतो, परंतु मनात कडवटपणा होता, आणि त्या कडवटपणास आम्ही वहीतील कात्रणाचा आधार देत असू. एवढ्या गुणी माणसास जेथे न्याय मिळत नाही, तेथे आमची काय कथा! काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने निवड न झाल्यामुळे रडत आम्हांस विचारले, "सर, मी कुठं कमी पडलो?" तेव्हा आम्ही बोलून गेलो, "अरे, इथे गुण कोण पाहतो?" त्या मुलाने खेळ सोडला, आणि पुढच्या वर्षी शाळाही. अन्य कारणेही असतील. परंतु आमचे ते वाक्य त्याने बरोबर नेले, याविषयी आम्हांस संशय नाही. आपले दुःख आम्ही त्याच्या डोक्यावर ठेवले.

दिनांक २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबई येथे भारताच्या महिलांनी दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक प्रथमच जिंकला. या संघाचे मुख्य प्रशिक्षक ऑक्टोबर २०२३ पासून अमोल मुझुमदार होते. त्याच स्पर्धेत हा संघ मध्यंतरी ओळीने तीन सामने हरला होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. विजयानंतर कर्णधार हरमनप्रीत कौर हिने त्यांच्या पायांस हात लावला. ते पाहून आम्ही घरात एकटेच बसून रडलो.

दुसऱ्या दिवशी तो नववीतला विद्यार्थी आला, तेव्हा ही सर्व हकीकत आम्ही त्यास सांगितली. ती ऐकून तो म्हणाला, "म्हणजे थांबलं की शेवटी मिळतंच, असंच ना सर?"

आम्ही म्हणालो, "नाही. तसे म्हणशील तर ते खोटे ठरेल. भारताकडून खेळणे त्यांना कधीच मिळाले नाही. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले, त्यांनाही एकही कसोटी मिळाली नाही, आणि २०२५ मध्ये ते वारले. नवी मुंबईची ती रात्र उगवली नसती, तरी त्या ११,१६७ धावांतील एकही धाव कमी झाली नसती. निवड करणे दुसऱ्याच्या हाती असते. खेळ मात्र तुझा आहे, तो कोणी यादीतून काढू शकत नाही."

तो काही बोलला नाही. संध्याकाळी पाहिले, तर खेळपट्टीवर रोलर ओढणाऱ्या मुलांत तो होता. पुढच्या सामन्यातही त्याला बॅट मिळाली नाही. त्यानंतरच्या सामन्यात मिळाली. नऊ धावा करून तो झेलबाद झाला. परत येताना तो खालच्या क्रमांकाच्या मुलास सांगत होता, "चेंडू खाली राहतोय, पाय पुढं टाक." त्या नऊ धावांपेक्षा या वाक्याने आम्हांस अधिक संतोष झाला.

पालकहो, आपली एकच विनंती आहे. मुलगा वा मुलगी मैदानावरून घरी आली की "नाव लागले का?" हा प्रश्न थोडा मागे ठेवावा, आणि "आज काय शिकलास?" हे आधी विचारावे. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी जे पॅड बांधून बसले आहेत, त्यांनी पॅड सोडू नयेत. तुमच्या गुरुजींनी मनातल्या मनात ते फार वर्षांपूर्वी सोडले होते. या वर्षी त्यांनी ते पुन्हा बांधले आहेत.